‘आरोपी’ या शब्दाची जबाबदारी

कोपर्डी आणि खर्डा ही नगर जिल्ह्याच्या दक्षिणेकडची, शेजारशेजारच्या तालुक्यांतली दोन गावे. कोपर्डी कर्जत तालुक्यात, खर्डा जामखेडमध्ये. जिल्ह्याचे नाव आता अहिल्यानगर झाले आहे. ज्या काळाबद्दल लिहितो आहे त्या काळाचे आणि लोकांच्या तोंडचे ‘नगर’ मी इथे ठेवले आहे. या दोन गावांनी गेल्या दशकात राज्याला हादरवले, आणि दोन्ही वेळी एकच शब्द घरोघरी पोहोचला : आरोपी. आपण हा शब्द फार सैलपणे वापरतो. त्या सैलपणाची किंमत निरपराध माणूस मोजतोच, पण ज्याच्या घरात गुन्हा घडला तो माणूसही मोजतो. ही दुसरी किंमत सहसा कोणी मांडत नाही, म्हणून हे मुद्दे.

१. दोन निकाल, एक शब्द

२८ एप्रिल २०१४ रोजी खर्ड्यात नितीन आगे या सतरा वर्षांच्या दलित विद्यार्थ्याचा खून झाला. १३ जुलै २०१६ रोजी कोपर्डीत एका शाळकरी मुलीवर अत्याचार करून तिला ठार मारण्यात आले. दोन्ही खटले नगरच्या सत्र न्यायालयात चालले. १८ नोव्हेंबर २०१७ रोजी कोपर्डीतले तिन्ही आरोपी दोषी ठरले आणि २९ नोव्हेंबरला त्यांना फाशी सुनावली गेली. या दोन तारखांच्या मधल्या दिवसांत खर्ड्याचा निकाल लागला आणि न्यायालयापुढचे सगळे आरोपी निर्दोष सुटले.

निकालाच्या आदल्या दिवसापर्यंत कायद्याच्या नजरेत या दोन्ही खटल्यांतल्या माणसांचे स्थान एकच होते. लोकांच्या नजरेत मात्र तसे नव्हते. कोपर्डीतले आरोपी दलित होते, खर्ड्यातले मराठा, आणि ‘आरोपी’ हा शब्द त्या मोजक्या माणसांवरून ओघळून दोन अख्ख्या समाजांवर पसरला. चहाच्या टपरीवर, लग्नाच्या पंगतीत, शाळेच्या स्टाफरूममध्ये माणसे एकमेकांकडे त्या शब्दातून पाहू लागली. २०१७ मध्ये तर कोपर्डीच्या आरोपींवर न्यायालयाच्या आवारातच हल्ल्याचा प्रयत्न झाला.

माझा मुख्य मुद्दा मात्र त्यापुढचा आहे. कोपर्डीच्या मागे लाखोंचे मोर्चे उभे राहिले, उज्ज्वल निकम यांच्यासारखे विशेष सरकारी वकील नेमले गेले, आणि सव्वा वर्षाच्या आसपास निकाल लागला. खर्ड्याच्या खटल्याला साडेतीन वर्षे लागली आणि त्या काळात साक्षीदार एकामागून एक फितूर झाले. सुरुवातीला खर्ड्यासाठीही निषेध झाला होता, पुढारी भेटून गेले होते. पण अटक झाली, नावे छापून आली, लोकांना ‘आरोपी’ मिळाले आणि बहुतेकांच्या लेखी प्रकरण तिथेच संपले. आरोपी सापडणे म्हणजे न्याय होणे, असे आपण धरून चाललो. ज्यांना साक्ष द्यायची होती ती माणसे त्याच गावात, त्याच गल्लीत, एकटी राहिली. नितीनला कोणी मारले, या प्रश्नाचे उत्तर त्या निकालाने दिले नाही.

२. हा शब्द कोणाच्या खांद्यावर ओझे ठेवतो

आरोपण म्हणजे एक गोष्ट दुसऱ्यावर ठेवणे. ज्याच्यावर ती ठेवली तो आरोपी. ती तिथे खरोखर बसते की नाही, हे ठेवणाऱ्याने दाखवायचे असते. आपल्या न्यायव्यवस्थेचा हा कणा आहे.

मराठी माणसाला ही जाणीव लहानपणीच होते. गणेश चतुर्थीला चंद्र पाहू नये, चोरीचा आळ येतो, हे आजीने सांगितलेले असते. त्यामागची स्यमंतक मण्याची कथाही आपण ऐकलेली असते. कृष्णावर खोटा आळ आला, आणि तो पुसण्यासाठी त्याला स्वतः रानात जाऊन जांबवंताच्या गुहेतून मणी शोधून आणावा लागला. म्हणजे निर्दोषपण त्यालाच सिद्ध करावे लागले. आजच्या कायद्याने माणसाला या सक्तीतून सोडवले आहे. मणी शोधून आणण्याचे काम पोलिसांचे आणि सरकारी वकिलांचे; आरोपी गप्प बसला तरी चालते. राज्यघटनेच्या अनुच्छेद २० मध्ये आरोप असलेल्या माणसाचा उल्लेख येतो तो एवढ्यासाठीच, की त्याला स्वतःविरुद्ध साक्षीदार होण्याची सक्ती करता येणार नाही. अनुच्छेद २२ अटक झालेल्याला कारण कळण्याचा, वकिलाचा आणि चोवीस तासांत न्यायाधीशापुढे उभे राहण्याचा हक्क देतो. घटनेत हा माणूस संरक्षणासह येतो. आपल्या बोलण्यात तो शिव्यांसह येतो.

मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या पोक्सोसारख्या काही कायद्यांत आरोपीविरुद्ध गृहीतक धरले जाते, हे खरे. पण तिथेही घटनेचा पाया सरकार पक्षालाच आधी उभा करावा लागतो.

३. पायऱ्या वेगळ्या आहेत

पोलीस ठाण्यात फिर्याद नोंदवली गेली, म्हणजे कोणीतरी काहीतरी सांगितले आणि ते लिहून घेतले गेले. त्यात नाव असलेला माणूस या क्षणी संशयित आहे. तपासानंतर पोलीस दोषारोपपत्र दाखल करतात, न्यायालय ते वाचून आरोप निश्चित करते, मग साक्षीपुरावे, मग निकाल, मग अपील. १ जुलै २०२४ पासून फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली, कलमांचे आकडे बदलले, पण ही उतरंड तशीच राहिली. आपल्या बातम्यांत मात्र पहिल्या पायरीवरच ‘नराधम’, ‘सराईत’, ‘टोळी जेरबंद’ हे शब्द येतात आणि शेवटच्या पायरीची बातमी बहुतेकदा येतच नाही.

४. कबुली आणि धिंड

‘पोलिसी खाक्या दाखवताच आरोपीने गुन्ह्याची कबुली दिली.’ या धाटणीचे वाक्य आपल्यापैकी प्रत्येकाने कित्येकदा वाचलेले असेल. त्या क्षणी वाचकाच्या मनातला खटला संपतो. पोलिसांपुढची कबुली पुरावा म्हणून चालत नाही, ही तरतूद १८७२ च्या पुरावा कायद्यात इंग्रजांनीच घातली होती आणि २०२३ च्या भारतीय साक्ष अधिनियमातही ती कायम आहे. कारण उघड आहे : कोठडीत कबुली कशी मिळवली जाते, हे राज्यकर्त्यांना तेव्हाही माहीत होते. त्या कबुलीतून एखादी वस्तू सापडली, तर तेवढ्या भागापुरता तिचा उपयोग. बाकी ती कबुली न्यायालयाच्या दाराबाहेर राहते. हे वाचकाला कोणी सांगितलेले नसते. त्यामुळे दोन-चार वर्षांनी आरोपी सुटला की लोक म्हणतात, ‘कबूल केले होते तरी सुटला, पैसे चारले असणार.’ न्यायालयावरचा विश्वास असा, आपल्याच अर्धवट बातम्यांमुळे झिजतो.

धिंडीचेही तसेच. दहशत मोडायची म्हणून संशयितांना दोरखंड बांधून बाजारपेठेतून पायी फिरवायचे, चित्रफिती काढायच्या आणि लोकांनी टाळ्या वाजवायच्या, हे महाराष्ट्रात आता सर्रास दिसते. ज्याच्यावर अन्याय झाला त्याला त्या दिवशी बरे वाटते, हे मी समजू शकतो. त्याच्या संतापाला मी नावे ठेवणार नाही. पण पुढे काय होते ते पाहा. अनोळखी हल्लेखोर असेल तर खटल्यात ओळख परेड महत्त्वाची ठरते. फिर्यादीने किंवा साक्षीदाराने चेहऱ्यांच्या रांगेतून नेमका माणूस ओळखायचा असतो. म्हणून तर जाणते तपास अधिकारी संशयिताला बुरखा घालून न्यायालयात नेतात. ज्याचा चेहरा गावभर फिरवला, मोबाइलवर पाठवला, त्याला ओळखण्यात मग अर्थ काय, असा प्रश्न बचावाचा वकील विचारणारच, आणि तो रास्त असेल. म्हणजे धिंडीत मिळालेले समाधान पीडिताला निकालाच्या दिवशी परत द्यावे लागते.

५. बांधावरचा आरोपी

ज्यांना वाटते की हा शब्द आपल्या घराच्या आसपास फिरकणार नाही, त्यांच्यासाठी हा मुद्दा. ग्रामीण भागातल्या फौजदारी केसेस पाहा. कितीतरी बांधावरून, पाटपाण्याच्या पाळीवरून, वहिवाटीच्या रस्त्यावरून झालेल्या मारामाऱ्यांच्या असतात. भांडण दोघांचे, फिर्यादीत नावे आठ जणांची. ‘त्याच्या पोराचंबी नाव घाला’ हे वाक्य पोलीस ठाण्याच्या पायरीवर सहज बोलले जाते. ते पोर त्या दिवशी क्लासला असते. त्याची पोलीस भरतीची किंवा सैन्यभरतीची तयारी चाललेली असते. नाव घालणाऱ्याला नेमके तेच मोडायचे असते.

मग चारित्र्य पडताळणीचा अर्ज येतो. गुन्हा दाखल आहे का, या रकान्यात ‘नाही’ लिहिले तर लपवले म्हणून नोकरी जाते. ‘हो’ लिहिले तर साहेबाच्या कपाळावर आठी. २०१६ मध्ये अवतार सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की नेमणूक करणाऱ्याने सरसकट नकार देऊ नये. गुन्ह्याचे स्वरूप, निकाल आणि पद पाहून विचार करावा. एवढा विचार करायला वेळ कोणाला असतो? वयोमर्यादा तोवर उलटून जाते. निर्दोष मुक्ततेचा कागद हातात येतो तेव्हा भरती संपलेली असते. माझ्या मते, घटनास्थळी नसलेल्या माणसाचे नाव तपासात लवकर वगळणे, ही प्रत्येक पोलीस ठाण्याने आपली कामगिरी म्हणून मिरवावी अशी गोष्ट आहे.

६. जन्मतः आरोपी

इंग्रजांनी १८७१ मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा केला. १९११ च्या कायद्यानंतर तो मुंबई इलाख्यातही लागू झाला. फासेपारधी, कैकाडी, भामटा, मांग-गारुडी अशा समाजांतली माणसे हजेऱ्यांच्या आणि पासांच्या फेऱ्यात अडकली. सोलापूरला तारांच्या कुंपणातली वसाहत उभी राहिली; लोक तिला आजही सेटलमेंट म्हणतात. हा कायदा माणसाला विचारत नव्हता की तू काय केलेस. कोणाच्या पोटी जन्मलास, एवढाच प्रश्न होता. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो रद्द झाला आणि हे समाज विमुक्त ठरले. पण १९५९ मध्ये मुंबई राज्यात सराईत गुन्हेगारांचा कायदा आला आणि जुन्या वह्यांतली नजर नव्या वह्यांत उतरली.

कर्जत, जामखेड, श्रीगोंदा या तालुक्यांत पारध्यांच्या वस्त्या आहेत. कुठे दरोडा पडला की पहिली गाडी तिकडे वळते, हे तिथल्या लहान मुलांनाही ठाऊक असते. गावठाणात जागा मागायला गेले तर ‘चोराला गावात कशाला’ हे उत्तर मिळते. जातीचा दाखला, रेशन कार्ड, शाळेतले नाव, सगळीकडे तोच अडसर. ज्याच्यावर एकही गुन्हा नाही तोही या अर्थाने आरोपीच आहे, आणि त्याला निर्दोष ठरवणारे न्यायालय कुठेच नाही.

या नजरेचा शेवट कुठवर जातो, ते शेजारच्या नाशिकच्या एका खटल्याने दाखवले. २००३ च्या जूनमध्ये एका शेतमजूर कुटुंबावर रात्री हल्ला झाला, पाच जण मारले गेले, स्त्रियांवर अत्याचार झाले. भटक्या समाजातल्या सहा जणांना अटक झाली. २००६ मध्ये सत्र न्यायालयाने फाशी दिली. उच्च न्यायालयाने तिघांची फाशी बदलून जन्मठेप केली, तर २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना पुन्हा फाशी दिली. त्यांच्यातला एक जण गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन होता, हे नंतर निष्पन्न झाले. अखेर फेरविचारानंतर ५ मार्च २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष सोडले, प्रत्येकी पाच लाख रुपये भरपाई देण्यास सांगितले आणि चुकार तपास अधिकाऱ्यांवर कारवाईचा आदेश दिला. सर्वांत दुखावणारी गोष्ट ही, की वाचलेल्या आईने पोलिसांच्या अल्बममधून चार वेगळीच माणसे ओळखून दाखवली होती, आणि त्या दिशेने तपासच झाला नाही. सहा जणांची सोळा वर्षे तुरुंगात गेली आणि त्या आईला मात्र आपली माणसे कोणी मारली याचे उत्तर सोळा वर्षांनीही मिळाले नाही. ‘आरोपी’ सहज मिळणारी वस्ती जवळ असली की खरा गुन्हेगार शोधण्याची निकड संपते.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी सुकन्या शांता प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगांच्या नियमावल्यांतला जातिभेद घटनाबाह्य ठरवला आणि विमुक्त जमातींना मनमानीने अटक होऊ नये असे पोलिसांनाही बजावले. तो निकाल मराठीत करून दक्षिण नगरच्या प्रत्येक ठाण्यात अंमलदारांना वाचून दाखवावा, ही माझी साधी मागणी आहे.

७. कच्चे कैदी

खटला सुरू असलेल्या बंद्याला तुरुंगात ‘कच्चा कैदी’ म्हणतात. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या आकड्यांनुसार देशातल्या तुरुंगांत ५ लाख ७३ हजार बंदी होते, आणि त्यांतले ४ लाख ३४ हजार कच्चे होते. चारांतल्या तिघांचा गुन्हा अजून सिद्ध व्हायचा आहे. नव्या संहितेच्या कलम ४७९ प्रमाणे आधी कधीच दोषी न ठरलेल्याने कमाल शिक्षेचा एक तृतीयांश काळ आत काढला असेल, तर काही अपवाद वगळता त्याला बंधपत्रावर सोडायचे आहे. तो दिवस कोणता, याची आठवण ठेवणारे मात्र त्याच्या घरी बहुधा कोणी नसते.

८. आपला माणूस आणि दुसऱ्याचा माणूस

हा शब्द आपण सगळ्यांना सारखा लावत नाही. पुढाऱ्यावर गुन्हा दाखल झाला की ‘राजकीय सूडबुद्धी’, पाहुण्यावर झाला की ‘त्याला गोवलं’, अनोळखी माणसावर झाला की लगेच ‘गुन्हेगार’. १९९८ मध्ये तत्कालीन मंत्री बबनराव घोलप यांच्या अब्रुनुकसानीच्या खटल्यात राळेगणसिद्धीच्या अण्णा हजारे यांना तीन महिन्यांची शिक्षा झाली आणि त्यांना येरवड्याला नेले. त्या दिवशी पारनेर तालुक्यात त्यांना कोणी गुन्हेगार म्हटले नाही, आणि न म्हणणारे चुकले नव्हते. याच पारनेरचे सेनापती बापट मुळशीच्या सत्याग्रहात तुरुंगात गेले. कागदावरचा शब्द आणि माणूस यांच्यात अंतर असू शकते, हे या तालुक्याला चांगलेच कळते. तीच समज वस्तीवरच्या माणसाच्या वाट्याला का येत नाही?

नगरच्या किल्ल्यानेही काही शिकवले आहे. ९ ऑगस्ट १९४२ रोजी पकडलेले नेहरू, पटेल, मौलाना आझाद, आचार्य नरेंद्र देव, शंकरराव देव आणि त्यांचे सहकारी या किल्ल्यात १९४५ पर्यंत डांबले गेले. त्यांच्यावर खटला भरला गेला नाही. त्यांना आरोपी केले असते तर आरोप सांगावा लागला असता, पुरावा आणावा लागला असता, त्यांचे म्हणणे उघड न्यायालयात ऐकावे लागले असते. सरकारने ते टाळले. आरोपी होणे हीसुद्धा नागरिकाची एक पायरी आहे. त्याहून खालची पायरी म्हणजे आरोपाविना कोठडी. विशेष म्हणजे याच नेहरूंनी १९३६ मध्ये नेल्लोरला गुन्हेगार जमातींच्या कायद्यावर जाहीर टीका केली होती.

९. वकीलपत्र

मोठा गुन्हा घडला की आरोपीचे वकीलपत्र कोणी घेऊ नये, असे ठराव ठिकठिकाणचे वकील संघ करतात. २०१० मध्ये मोहम्मद रफी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने असे ठराव बेकायदा आणि शून्यवत ठरवले. ज्यांना कडक शिक्षा हवी आहे त्यांनीच या ठरावांना विरोध करावा, कारण बचाव नीट न झालेला निकाल अपिलात डळमळतो. मुंबईवरच्या २६/११ च्या हल्ल्यातल्या कसाबलाही वकील दिला गेला, म्हणून त्याची फाशी सर्वोच्च न्यायालयापर्यंत टिकली. त्याच खटल्यातले दोन भारतीय आरोपी तिन्ही न्यायालयांत निर्दोष ठरले. वकीलच नसता तर त्यांचे काय झाले असते, याचा प्रत्येकाने विचार करावा.

१०. मागण्या

वार्ताहरांनी दोषारोपपत्र दाखल होईपर्यंत ‘संशयित’ लिहावे, पोलीस कोठडीतल्या कबुलीची बातमी करू नये आणि ज्या पानावर अटक छापली त्याच पानावर सुटका छापावी. जिल्हा पोलिसांनी धिंडी बंद कराव्यात. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाने कलम ४७९ मध्ये बसणाऱ्या बंद्यांची यादी दर महिन्याला न्यायालयापुढे ठेवावी.

आणि साक्षीदार. महाराष्ट्राने २०१७ मध्ये साक्षीदार संरक्षणाचा कायदा केला. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने देशभरासाठी योजना मंजूर केली. नव्या संहितेनेही राज्यांवर तशी योजना करण्याचे बंधन घातले. तरीही जामखेडच्या कोपऱ्यातून नगरला साक्षीला येणारा मजूर रोज बुडवून एसटीने येतो. अनेकदा आरोपीचे नातेवाईकही त्याच गाडीत असतात, आणि संध्याकाळी त्याला त्यांच्याच गावात परतायचे असते. गेल्या पाच वर्षांत या जिल्ह्यात किती साक्षीदारांनी संरक्षण मागितले, किती जणांना मिळाले आणि त्यांतले किती जण साक्षीच्या दिवशी आपल्या जबाबावर टिकून राहिले, हे आकडे जिल्हा पोलीस अधीक्षकांनी तालुकावार जाहीर करावेत. पहिली यादी जामखेडची असावी.